कानाची जवारी

गाणें कसें गावें याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. वाद्य कसें राखावें हेंहि गाण्याची आवड असलेल्या घरांत ठाऊक असतें. तंबोऱ्याची जवारी बिघडली तर मिरजेच्या कारागिराकडून ती पुन्हां काढून घेतात, पावसाळ्यांत तबल्याची पुडी सैल पडली तर तिला शेक देतात, आणि पेटीवर झांकण घातल्याशिवाय कोणी उठत नाहीं. पण ऐकण्याच्या साधनाकडे आपण या नजरेनें क्वचितच पाहतों. तें बाजारांतून आणावें, चालेल तोंवर वापरावें आणि बिघडलें म्हणजे टाकून द्यावें, एवढाच आपला त्याच्याशीं संबंध. आज मी अशा एका श्रवणसाधनाची हकीगत सांगणार आहें, कीं ज्याला वाद्याप्रमाणेंच सांभाळावें लागतें. त्याचें नांव स्थिरविद्युत् हेडफोन; इंग्रजी नांवानें ओळखणारे त्याला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन म्हणतात. त्याचें तत्त्व टेलिफोनच्या बाल्यावस्थेपासून माहीत होतें. तरीसुद्धां तें मनुष्याच्या कानापर्यंत पोंचण्यास सुमारें ऐशीं वर्षें लागलीं. तीं कां लागलीं हें समजलें, म्हणजे हें साधन त्याच्या मालकाकडून इतकी राखण कां मागतें हेंहि आपोआप समजतें.

प्रथम आपल्या ओळखीचा हेडफोन घेऊं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचा हक्क १८७६ सालीं मिळाला. त्यांच्या यंत्राचें पुढें जें रूप रूढ झालें, त्यांत एक लोहचुंबक, त्याच्याभोंवतीं तारेचें वेटोळें आणि समोर लोखंडाची पातळ चकती असे. बोलण्याबरहुकूम कमीजास्त होणारा प्रवाह तारेंतून आला कीं चुंबकाची ओढ कमीजास्त होई आणि चकती थरथरे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. त्या काळीं स्फटिकाच्या साध्या रेडिओवर ऐकणारांच्या कानांवर याच जातीचीं यंत्रें असत. १९३७ सालीं बर्लिन येथील ऑयगेन बायर यांच्या कारखान्यानें 'डीटी ४८' नांवाचा हेडफोन काढला. त्यांत लोखंडी चकती गेली आणि तिच्या जागीं हलका पडदा व त्याला चिकटवलेलें तारेचें वेटोळें आलें. आज आपण वापरतों ते बहुतेक हेडफोन याच वंशांतले आहेत. हीं यंत्रें उत्तम काम देतात. परंतु त्यांच्यांत एक अडचण जन्मजात आहे. विजेची ओढ पडते ती वेटोळ्यावर. बाकीच्या पडद्यानें त्याच्यामागून फरफटत जायचें. शिवाय त्या वेटोळ्याचें ओझें पडद्याला अहोरात्र वाहावें लागतें. सतारीचा झाला किंवा टाळेचा झणत्कार इतक्या झपाट्यानें सुरू होतो आणि विरतो, कीं ओझें वाहणाऱ्या पडद्याला त्याच्याबरोबर धांवतांना थोडी दमछाक होतेच.

स्थिर विजेची वाट निराळी आहे. कोरड्या हवेंत केसांतून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ धरला तर कपटे उडून त्याला चिकटतात, हा खेळ प्रत्येकानें लहानपणीं केला असेल. कंगव्यावर विजेचा जो भार सांठतो, त्याची ही ओढ. अंतराप्रमाणें ती कशी बदलते याचा नियम फ्रान्सच्या कूलाँ यांनीं १७८५ सालीं मांडला. आतां असें समजा कीं, भोंकें पाडलेल्या दोन धातूच्या चकत्या समोरासमोर उभ्या केल्या आहेत आणि त्यांच्या मधोमध एक अतिशय पातळ पडदा ताणून बसवला आहे. पडद्यावर विजेचा भार कायम राखलेला आहे. दोन्ही चकत्यांना गाण्याची वीज पोंचते, पण अशा बेतानें, कीं एक चकती पडद्याला ओढीत असतां दुसरी त्याला लोटते. पडदा गाण्याबरहुकूम मागेंपुढें होतो, आणि त्यानें हलवलेली हवा चकतीच्या भोंकांतून कानाशीं येते. येथें वेटोळें नाहीं आणि चुंबकहि नाहीं. ओढ पडद्याच्या एखाद्या भागावर न पडतां सगळ्या पृष्ठभागावर सारखी पडते.

या पडद्याची तलमता आंकड्यांनींच कळेल. मनुष्याचा केंस साधारणपणें सत्तर मायक्रॉन जाड धरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या स्थिरविद्युत् हेडफोनचा पडदा एक ते दोन मायक्रॉन जाडीचा असतो. दीड मायक्रॉन जाडीचा पन्नास चौरस सेंटिमीटर पडदा घेतला तर त्याचें वजन दहा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तांदुळाच्या अर्ध्या दाण्याएवढें भरेल. त्याला चिकटून असलेल्या हवेचा दोन मिलिमीटर जाडीचा थर देखील त्याहून जड असतो! तेव्हां हा पडदा हालतो असें म्हणण्यापेक्षां हवाच हालते असें म्हणणें अधिक खरें होईल.

आतां इतिहासाकडे वळूं. अटलांटिक महासागराखालील तारायंत्राच्या कामांत नांव मिळवलेले इंग्रज विद्युत्तज्ज्ञ क्रॉमवेल व्हार्ली यांनीं १८७० च्या दशकांत कंडेन्सरमधून सूर काढण्याचे प्रयोग केले. कंडेन्सर म्हणजे एकमेकांस न टेकणारे धातूचे पातळ पत्रे. त्यांच्यांत विजेचा भार सांठवतां येतो. भार बदलला कीं पत्र्यांमधली ओढ बदलते, पत्रे किंचित् हालतात आणि आवाज होतो. हा झाला सूर. शब्द ऐकवण्याचें काम अमेरिकेंत झालें. बोस्टनजवळच्या टफ्ट्स कॉलेजांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एमॉस डॉल्बेअर यांनीं चुंबकाला पूर्ण फांटा देऊन, एकमेकांजवळ बसवलेल्या धातूच्या दोन चकत्यांचें कर्णयंत्र बनवलें आणि १८८१ सालीं त्याचा हक्क मिळवला. आपल्या आजच्या विषयाचा मूळपुरुष कोण असें विचारल्यास डॉल्बेअर यांचेंच नांव घ्यावें लागेल.

या मूळपुरुषाची कुंडली मात्र कठीण निघाली. बेल यांच्या कंपनीनें त्यांच्यावर फिर्याद केली, आणि टेलिफोनविषयींच्या इतर खटल्यांबरोबर हाहि खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. १८८८ सालीं चार विरुद्ध तीन मतांनीं निकाल बेल यांच्या बाजूनें लागला. बेल यांचा हक्क एखाद्या ठराविक यंत्रापुरता नाहीं. विजेच्या लहरींवरून वाणी वाहून नेण्याच्या रीतीवरच तो आहे, असें न्यायालयानें मानलें. डॉल्बेअर यांचें कर्णयंत्र निराळ्या तत्त्वावर चालत होतें खरें, पण तो निराळेपणा त्यांच्या कामीं आला नाहीं.

तथापि सगळा दोष कायद्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. त्या यंत्राचा आवाज क्षीण होता, आणि तो मोठा करण्याचें साधन त्या काळीं कोणापाशीं नव्हतें. दुसरी अडचण तत्त्वांतच होती. दोन पत्र्यांना नुसती गाण्याची वीज दिली तर ते परस्परांना ओढतात. विजेची दिशा उलटली तरीहि ओढतातच. त्यामुळें एका आंदोलनांत दोनदां ओढ बसते आणि सूर एका सप्तकानें वर जातो. गवई मध्य सप्तकांत गात असावा आणि ऐकणाऱ्याला तार सप्तक ऐकूं यावें, असा हा प्रकार! यावर उपाय एकच. गाण्याची वीज येण्याच्या आधींच तेथें एक मोठा, स्थिर भार राखून ठेवायचा. मग गाण्याची वीज त्या भारांत थोडी भर घालते किंवा थोडी तूट आणते, आणि सूर आपल्या जागीं राहतो. या राखीव दाबाला 'बायस' म्हणतात. श्रोत्यांनीं हा एक शब्द ध्यानांत ठेवावा. कारण पुढें हेडफोनच्या मालकाला जें जें करावें लागतें, त्यांतील बरेंचसें या राखीव भारासाठींच असतें.

विसाव्या शतकांत व्हॉल्व्ह आले आणि क्षीण आवाज मोठा करतां येऊं लागला. १९१६ सालीं वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनींतील एडवर्ड वेंटे यांनीं याच तत्त्वाचा उलट उपयोग करून कंडेन्सर मायक्रोफोन बनवला. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत आज जे नाजूक मायक्रोफोन दिसतात, त्यांतले पुष्कळसे त्याचे वंशज आहेत. जर्मनींत फोग्ट, मासोले आणि एंगल या तिघांनीं १७ सप्टेंबर १९२२ रोजीं बर्लिनच्या आल्हांब्रा चित्रगृहांत आपला बोलपट दाखवला. त्यांनीं आवाजासाठीं बनवलेले लाउडस्पीकर स्थिर विजेवर चालणारे होते. अमेरिकेंत १९२५ सालीं चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनीं वेटोळ्याच्या लाउडस्पीकरला आजचें रूप दिलें. त्यांपैकीं केलॉग यांनींच पुढें स्थिरविद्युत् लाउडस्पीकरचाहि हक्क १९३४ सालीं घेतला. ज्या गृहस्थानें वेटोळ्याला राज्यावर बसवलें, त्यालाहि दुसऱ्या वाटेचा मोह सुटला नव्हता, असेंच म्हणावें लागतें.

मग घोडें अडलें कोठें? अडलें तें पडद्याशीं. पडदा पातळ हवा, हलका हवा, वर्षानुवर्षें सारखा ताणलेला राहावयास हवा, आणि त्यानें विजेला दाद देतां कामा नये. रबर कांहीं काळानें सैल पडून झिजतें. धातूचा वर्ख जड, आणि जरा ताणला कीं फाटतो. शास्त्रज्ञांच्या कागदावर यंत्र तयार होतें, पण त्यांत बसवण्याजोगें वस्त्र जगांत कोणीं विणलेंच नव्हतें.

तें वस्त्र कापडाच्याच धंद्यांतून आलें. लँकेशायर परगण्यांतील ॲक्रिंग्टन येथें कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेंत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं १९४१ सालीं एक नवें द्रव्य सिद्ध केलें. त्याच्या धाग्याला 'टेरिलिन' हें नांव मिळालें. होय, इस्त्री न करतां घालतां येतात म्हणून ज्या टेरिलिनच्या सदऱ्यांचें एके काळीं आपल्या शहरांत एवढें कौतुक झालें, तेंच हें! त्याच द्रव्याचा धाग्याऐवजीं पातळ पापुद्रा काढला आणि अमेरिकेच्या ड्यू पॉन्ट कंपनीनें १९५० च्या दशकाच्या आरंभीं तो 'मायलार' या नांवानें बाजारांत आणला. हा पापुद्रा अत्यंत पातळ करतां येतो, ताणून बसवला तर ताण सोडीत नाहीं, आणि विजेला आंतून वाट देत नाहीं. सत्तर वर्षें अडलेला गाडा या एका वस्तूनें मोकळा झाला.

पाठोपाठ तत्त्वाचा राहिलेला धागाहि जुळला. हार्वर्ड विद्यापीठाचे फ्रेडरिक हंट यांचा विद्युत् आणि ध्वनि यांवरील ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. १९५५ सालीं इंग्लंडच्या पीटर वॉकर यांनीं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत या विषयावर लेखमाला लिहिली. त्यांतला मुख्य मुद्दा असा: पडद्यावरचा भार फार मोठ्या विद्युत्‌रोधांतून, जणूं थेंबथेंब, पोंचवावा, म्हणजे पडदा कितीहि हालला तरी भार चटकन् पळून जाणार नाहीं किंवा वाढणार नाहीं, आणि आवाजांत विकृति शिरणार नाहीं. वॉकर यांच्या क्वाड कंपनीचा लाउडस्पीकर १९५७ सालीं विक्रीस आला आणि १९८५ पर्यंत तयार होत राहिला.

लाउडस्पीकरकडून हेडफोनकडे येण्याचा मान जपानला मिळाला. टोकियोमध्यें नाओताके हायाशी यांनीं १९३८ सालीं एक लहानशी कंपनी काढली होती. तीच पुढें 'स्टॅक्स' या नांवानें प्रसिद्धीस आली. कंडेन्सरच्या तत्त्वावर ग्रामोफोनचे पिकअप बनवण्याचा तिला सराव होता. हें तत्त्व कानाशीं आणलें तर निम्म्या अडचणी आपोआप सुटतात, हें त्या मंडळींनीं ओळखलें. सबंध खोलींतली हवा हलवावयाची म्हणजे स्थिर विजेची ओढ अपुरी पडते. कानाजवळची ओंजळभर हवा हलवण्यास ती भरपूर होते. कंपनीचा 'एसआर-१' हा हेडफोन १९५९ सालीं प्रदर्शनांत आला आणि १९६० सालीं विक्रीस निघाला. या जातीचा बाजारांत आलेला पहिला हेडफोन म्हणून तो ओळखला जातो. कंपनीनें त्याला हेडफोन न म्हणतां 'इअरस्पीकर' म्हटलें, आणि हें नांव तिनें आजतागायत सोडलेलें नाहीं. अमेरिकेंत कॉस कंपनीचा याच जातीचा 'ईएसपी-६' हा हेडफोन १९६८ सालीं आला.

येथून मालकाच्या जबाबदारीची कथा सुरू होते. साध्या हेडफोनला एकदोन व्होल्ट पुरतात; तो कोणत्याहि रेडिओला लावला कीं गाऊं लागतो. स्थिरविद्युत् हेडफोनला दोन प्रकारचा आहार लागतो. एक, पडद्यावरचा बायस. स्टॅक्सच्या जुन्या हेडफोनांना तो २३० व्होल्ट लागे. १९८२ पासून ५८० व्होल्टांची नवी पद्धत सुरू झाली. दुसरा आहार गाण्याच्या विजेचा, आणि तोहि शेंकडों व्होल्टांचा. मोठा आवाज हवा असेल तर शंभर व्होल्ट सहज लागतात. प्रवाह मात्र अगदीं नाममात्र. म्हणून अशा हेडफोनला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर ठेवावा लागतो, किंवा लाउडस्पीकरच्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरला दाब वाढवणारी ट्रान्स्फॉर्मरची पेटी जोडावी लागते. पहिल्या पिढींतले पुष्कळसे हेडफोन अशा पेटीवरच चालत.

कानांना एवढा दाब लावून बसायचें म्हटल्यावर कोणाच्याहि मनांत शंका येईल. तिचें उत्तर असें, कीं बायसच्या वाटेंत कित्येक दशलक्ष ओहमचा रोध बसवलेला असतो. त्यामुळें बायसमधून बाहेर पडूं शकणारा प्रवाह अत्यंत क्षीण असतो. धोका आहे तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटींत आणि खराब झालेल्या वायरींत. त्या पेटींत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो, आणि तिच्यांतले कंडेन्सर स्विच बंद केल्यावरहि कांहीं वेळ भार धरून बसतात. कुतूहलानें ती उघडणें हा जिवाशीं खेळ आहे. तें काम जाणत्या कारागिराचेंच. तसेंच हेडफोनच्या वायरीचें वेष्टण कोठें कुरतडलें किंवा चिरलें असेल तर तो हेडफोन दुरुस्त होईपर्यंत लावूंच नये.

दोन पद्धतींचा घोंटाळा होऊं नये म्हणून एक सुरेख योजना केलेली आहे. जुन्या पद्धतीच्या प्लगला सहा कांटे असतात, नव्याला पांच. सहा कांट्यांचा प्लग पांच भोंकांच्या खोबणींत शिरतच नाहीं. म्हणून २३० व्होल्टांचा जुना नाजूक हेडफोन चुकूनसुद्धां ५८० व्होल्टांना भिडत नाहीं. उलट पांच कांट्यांचा प्लग सहा भोंकांच्या जुन्या खोबणींत जातो. मात्र दाब कमी पडल्यामुळें आवाज बारीक येतो, नुकसान कांहीं होत नाहीं. १९८२ मध्यें ठरलेला ५८० व्होल्टांचा आंकडा स्टॅक्सनें पुढें बदलला नाहीं. त्यामुळें चाळीस वर्षांपूर्वीं घेतलेला हेडफोन आजच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालतो. रोज नवी खोबण आणि रोज नवा प्लग काढून जुन्या वस्तु अडगळींत लोटणाऱ्या या काळांत, एवढा एक आंकडा न बदलण्यानें कित्येक हेडफोनांचें आयुष्य वाढलें आहे. राखण ही मालकानें करावयाचीच. पण ती त्याला करतां येईल अशी सोय करणें हें बनवणाऱ्याचें कर्तव्य आहे, असा बोध यांतून घेण्यास हरकत नाहीं.

हें ओझें टाळण्याचा प्रयत्न कोणीं केला नाहीं असें नाहीं. जपानी शास्त्रज्ञ मोतोतारो एगुची यांनीं १९१९ च्या सुमारास मेण आणि राळ वितळवून, तें मिश्रण विजेच्या दाबाखालीं थिजवलें. तेव्हां त्यांत भार कायमचा कोंडला गेला. लोहचुंबकांत जसें चुंबकत्व तसा यांत विजेचा भार. याला 'इलेक्ट्रेट' म्हणतात. १९६२ सालीं अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत सेसलर आणि वेस्ट यांनीं इलेक्ट्रेटच्या पातळ पापुद्र्याचा मायक्रोफोन बनवला, आणि त्या जातीचे मायक्रोफोन पुढें जगभर पसरले. १९७० च्या दशकांत अशा पापुद्र्यांचे हेडफोनहि निघाले. त्यांना बाहेरच्या बायसची गरज नसे, किंमतहि कमी. पण कोंडलेला भार वर्षांमागून वर्षें हळूहळू ओसरतो आणि मालकाला तो पुन्हां भरतां येत नाहीं. ज्याला राखण लागत नाहीं त्याची डागडुजीहि होत नाहीं, असा हा व्यवहार ठरला. मायक्रोफोनांत इलेक्ट्रेटनें बाजी मारली. उत्तम हेडफोनांत मात्र भार सतत पुरवण्याची जुनी रीतच टिकून राहिली.

दुसऱ्या टोंकाला ज्यांनीं खर्चाची पर्वाच केली नाहीं असे कारागीर आहेत. जर्मनीच्या झेनहायझर कंपनीनें १९९१ सालीं 'ऑर्फेउस' नांवाचा हेडफोन आणि त्याच्या जोडीचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. अशा जोड्या तीनशेंच निघाल्या. २०१५ सालीं तिनें त्याचा वारस जाहीर केला. त्याचा पडदा २.४ मायक्रॉनचा, त्यावर प्लॅटिनमचा मुलामा, अ‍ॅम्प्लिफायरला इटलींतील कारारा येथील संगमरवराची बैठक, आणि तेव्हांची किंमत पन्नास हजार युरोंच्या घरांत! ही राजेरजवाड्यांची गोष्ट झाली. उलट स्टॅक्ससारख्या लहान कंपनीवर १९९० च्या दशकाच्या मध्यास बंद पडण्याची पाळी आली. तेथल्याच कांहीं माणसांनीं नवी कंपनी स्थापून काम चालू ठेवलें, आणि २०११ सालीं चीनच्या एडिफायर कंपनीनें ती विकत घेतली. ज्या वस्तूचे सुटे भाग जगांत मोजकेच लोक बनवतात, तिच्या मालकाला कारखान्याच्या अशा बातम्या घरच्या बातम्यांइतक्याच जवळच्या वाटतात.

आतां राखणीच्या चार गोष्टी. या पडद्याचे शत्रु दोन: दमट हवा आणि धूळ. भार टिकतो तो कोरडेपणावर. दमट हवेंत तो पृष्ठभागावरून झिरपून जातो, आणि मग एका कानाचा आवाज दुसऱ्याहून बारीक होतो किंवा आंत चरचर ऐकूं येते. मुंबईचा आणि कोंकणचा पावसाळा या दृष्टीनें फार कठीण. त्या दिवसांत हेडफोन उघड्यावर टांगून ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि पुड्या ओलसर झाल्या कीं बदलाव्या. न्हाऊन ओल्या केसांनीं तो डोक्यावर चढवूं नये. केसांचें तेल कानाच्या गाद्यांत मुरतें. म्हणून त्या अधूनमधून कोरड्या मऊ फडक्यानें पुसाव्या आणि झिजल्या म्हणजे बदलाव्या. बरेच दिवस न वापरलेला हेडफोन लावल्याबरोबर पूर्ण आवाज देईलच असें नाहीं. पडद्यावर भार चढण्यास त्याला थोडा अवकाश द्यावा.

धुळीचें कारण आपण कंगव्याच्या खेळांत पाहिलेंच आहे. भार असलेली वस्तु कपटे ओढते, तशीच ती धूळ आणि धूर ओढते. कारखान्यांच्या धुराड्यांतले कण याच शक्तीनें पकडण्याची युक्ति अमेरिकेच्या कॉट्रेल यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत काढली. जी शक्ति धुराड्यांत उपकारक, तीच येथें अपकारक ठरते. चकत्या आणि पडदा यांमधलें अंतर सुमारें अर्धा मिलिमीटर. तेवढ्या फटींत एक केंस किंवा धुळीचा कण शिरला तरी तो आवाजांत बोलूं लागतो. म्हणून पडद्याच्या संरक्षणासाठीं बाहेरून आणखी एक पातळ पापुद्रा लावलेला असतो. त्याला बोट लावूं नये, फुंकर मारूं नये, आणि देवघरांतल्या उदबत्तीच्या धुरापासून हेडफोन दूर ठेवावा. डोक्यावर चढवतांना तो कानांवर एकदम दाबूं नये. आंत कोंडलेल्या हवेनें पडदा एका बाजूस ढकलला जातो आणि चमत्कारिक आवाज येतो. तो आवाज बिघाडाचा नसतो. हळू हातानें लावा एवढीच ती सूचना असते.

जोडतांना आणि काढतांना अ‍ॅम्प्लिफायर बंद असावा. तो चालतांना बराच तापतो; त्याच्यावर विणलेला रुमाल किंवा फुलदाणी ठेवण्याची हौस आवरावी. जपानांतून परभारें मागवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची मागची पाटी प्रथम वाचावी. तेथें घरांत १०० व्होल्टांची वीज असते आणि आपल्याकडे २३० व्होल्टांची. मध्यें योग्य ट्रान्स्फॉर्मर न ठेवतां तो आपल्या भिंतींतल्या विजेला लावला तर जळण्यास क्षणहि पुरेल. आणि एका कानाचा आवाज बारीक झाला तर हेडफोनला लगेच दोष देऊं नये. अ‍ॅम्प्लिफायरमध्यें येणाऱ्या उजव्याडाव्या तारांची अदलाबदल करून पाहावी. बारीकपणा दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष त्या तारांत किंवा त्यांच्या पलीकडे, गाणें जेथून येतें त्या यंत्रांत आहे. तो त्याच कानाशीं राहिला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरांत किंवा हेडफोनांत समजावा.

एवढें करून मिळतें काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. वेटोळ्याचे हेडफोनहि आज फार पुढें गेले आहेत. थोडक्या पैशांत ते जें देतात त्याबद्दल तक्रार करण्यास जागा नाहीं. नगाऱ्याचा घुमार छातींत बसावा अशी ज्याची अपेक्षा असेल, त्याला स्थिरविद्युत् हेडफोन कदाचित् मिळमिळीतहि वाटेल. शिवाय हे बहुधा दोन्ही बाजूंनीं उघडे असतात. शेजारीं बसलेल्याला आपलें गाणें ऐकूं जातें. पण तंबोऱ्याच्या तारेंतून निघणाऱ्या स्वरांच्या मागें जे अनेक बारीक स्वर उमटतात, गवयाचा श्वास, सारंगीच्या तारेला नखाचा होणारा स्पर्श, आणि दोन स्वरांमधली ती शांतता, हें सारें ज्याला निवांतपणें न्याहाळावयाचें असेल, त्याला त्या तांदुळाच्या अर्ध्या दाण्याएवढ्या पडद्याची योग्यता कळेल.

श्रोतेहो, तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? घोडीवर तार जेथें टेंकते तेथला एक बारीकसा उतार आणि त्यावर ठेवलेला सुताचा दोरा. त्यांत केसाएवढा फरक पडला तर स्वर मुका होतो. म्हणून आपण ती राखतों, आणि राखतां राखतां आपला कानहि घडतो. या हेडफोनाचा इतिहास मला तेंच सांगतो. डॉल्बेअर यांच्यापाशीं कल्पना होती पण पडदा नव्हता; ॲक्रिंग्टनच्या रसायनशास्त्रज्ञांनीं पडद्याचें द्रव्य दिलें पण त्यांच्या मनांत कापड होतें; वॉकर आणि हायाशी यांनीं त्या दोहोंची गांठ घातली. साखळीचा शेवटचा दुवा मात्र कोणत्याहि कारखान्यांत तयार होत नाहीं. तो ऐकणाऱ्याच्या घरांत असतो. पावसाळ्याच्या आरंभीं सिलिका जेलच्या पुड्या बदलणाऱ्या त्याच्या हातांत असतो. गाणाऱ्यानें आपला गळा राखावा, वाजवणाऱ्यानें आपलें वाद्य राखावें, आणि ऐकणाऱ्यानें आपलें श्रवण व त्याचें साधन राखावें. मैफल पुरी होते ती या तिघांमुळें.